मतदानाच्या दिवशीचा खाडा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून होतो. आदल्या संध्याकाळी यंत्रे घेऊन एसटीने पोचलो, शाळेच्या वर्गातले बाक भिंतीला लावले, पहाटे यंत्राच्या चाचणीचे अभिरूप मतदान उरकले आणि सातच्या ठोक्याला दार उघडले. पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे मतदार यादीची चिन्हांकित प्रत असते. माणूस आला की त्याच्या नावाखाली तो लाल रेघ मारतो, बाई असेल तर शेजारी आणखी एक खूण करतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती यादी मी सहज चाळली. एका घरात पाच नावे आणि रेघ फक्त म्हातारीच्या नावाखाली. शेजारच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघांखाली रेघ, मुलगा आणि सून कोरे. त्याच्या पुढचे घर सगळेच कोरे. पानामागून पान हेच. पंचविशी ते पन्नाशीतली माणसे यादीतून जणू उचलून नेली होती.

का, ते विचारायची गरज नव्हती. मी याच भागातला शिक्षक. दिवाळी सरली की माझ्या वर्गाचा हजेरीपटही असाच दिसतो.

साडेतीनच्या सुमारास शाळेच्या आवाराबाहेर दोन जीप येऊन थांबल्या आणि पंधरावीस माणसे धुळीने माखलेली, झोप न झालेली, रांगेत उभी राहिली. रात्रभर प्रवास करून सांगलीकडच्या उसाच्या फडातून आली होती. एक बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "गुर्जी, बिगीनं घ्या. गाडी उभी हाय. सकाळी फडात नसलो तर खाडा पडंल."

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाच्या आधी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते. आजारपण असो, मयत असो, पोराचा ताप असो, एक दिवस काम चुकले की खाडा. तो उचलीत चढतो. या खाड्याच्या धाकाने बायका पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहतात आणि त्या दुखण्याला कंटाळून तरुण वयात गर्भाशय काढून घेतात. त्याची चौकशी करायला सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली. मतदान हीसुद्धा त्या हिशेबात खाड्याचीच बाब.

त्या जीप कुणी पाठवल्या ते मी विचारले नाही. केंद्राध्यक्षाच्या कामात ते येत नाही. पण मनात आल्याशिवाय राहिले नाही. या बाईकडे मत आहे, पण मत द्यायला लागणारा दिवस तिच्या मालकीचा नाही. तो दिवस तिला दुसऱ्या कुणीतरी विकत घेऊन दिला आहे. आणि जो दिवस विकत घेऊन देतो तो फुकट देत नाही.

माझे स्वतःचे मत मी आठवडाभर आधीच दिले होते, निवडणूक प्रशिक्षणाच्या वेळी, टपाली मतपत्रिकेने. मतदानाच्या दिवशी सरकार माझ्याकडून काम घेणार होते, म्हणून माझ्या मताची सोय सरकारने आधी लावली. सैनिकांची लावतात, काही अत्यावश्यक सेवांतल्या कर्मचाऱ्यांची लावतात, ८५ वर्षांवरच्या वृद्धांच्या तर घरी जातात. हे सगळे योग्यच आहे. राज्याचा सगळा साखर उद्योग ज्यांच्या कोयत्यावर उभा आहे त्या लाखो माणसांच्या वाट्याला मात्र जीप आणि खाडा.

कायद्यात सुट्टी नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ मध्ये कलम १३५ ब घातले गेले. मतदानाच्या दिवशी प्रत्येक कामगाराला पगारी सुट्टी, रोजंदारीवरच्यालासुद्धा. पण ज्याला पगारच नाही, टनावर हिशेब आहे आणि गाव तीनशे किलोमीटरवर आहे, त्याने ही सुट्टी घेऊन करायचे काय? हा कायदा ज्याच्यासाठी लिहिला तो कामगार मनगटी घड्याळ घालून गिरणीत जाणारा, गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारा आहे. आणि तो कामगार कायद्याच्या आधी इतिहासात घडला होता. माझे म्हणणे तिथूनच सुरू होते. आपल्याकडे सामान्य माणूस राजकारणात आला तो मतपेटीच्या वाटेने नव्हे, कामाच्या वाटेने आला. कामातून त्याने आधी वेळ सोडवून घेतला, मग त्या वेळेत तो नागरिक झाला. मत पुष्कळ नंतर मिळाले.

२३ सप्टेंबर १८८४ ला परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची अशी ठरलेली सुट्टी नव्हतीच. सभेने काय मागितले पाहा: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार. सुमारे साडेपाच हजार सह्या आणि अंगठे त्या अर्जावर पडले. पाच मागण्यांतल्या पहिल्या तीन वेळेच्या आहेत. चौथीही एका अर्थी वेळेचीच, कारण पगार कधी हातात पडेल हे मालकाच्या मर्जीवर असले की माणूस उधारीच्या दुकानदाराचा बांधील होतो. पगारवाढीची मागणी त्यात नाही, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. उपाशीपोटी राबणाऱ्या माणसांनी पैशाआधी दिवस मागितला.

सहा वर्षे हे चालले. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषण केले, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज आपण रविवारी उशिरा उठतो तो रविवार इंग्रजांच्या चर्चमुळे मिळाला असे अजूनही अनेकांना वाटते. चर्च तर आधीपासून होतेच, गिरणीचा भोंगा मात्र रविवारीही वाजत होता. तो बंद केला लोखंड्यांनी आणि त्या दहा हजारांनी. त्यांच्या मागणीत रविवार हा खंडोबाचा वार होता.

त्या दहा हजारांपैकी जवळजवळ कुणालाही मत नव्हते. मत मालमत्तेवर, करावर, शिक्षणावर मिळे. तरी त्यांनी सभा बोलावली, ठराव मांडला, सह्या गोळा केल्या, प्रतिनिधी नेमले. लोकशाहीत जे जे करायचे असते ते सगळे त्यांनी मताशिवाय केले. बायकांना व्यासपीठावर बोलू दिले, जे त्या काळी शिकल्यासवरल्यांच्या सभांतही सहसा होत नव्हते. म्हणून 'आधी शिक्षण, आधी समज, मग लोकशाही' असे कुणी म्हणू लागले की मला सुपारीबाग आठवते.

मग १९०८. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. लष्कराने गोळ्या चालवल्या, माणसे मेली. कायदेमंडळात ज्यांचा शब्द नव्हता त्यांनी हात थांबवून आपला शब्द सांगितला. पण माझ्या मते खरी शाळा १९२८ ची. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. मालकांना दोन मागांवरच्या विणकराला तीन माग द्यायचे होते, म्हणजे कमी माणसांत जास्त कापड. त्याच संपात गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची म्हणजे कम्युनिस्टांची, उभी राहिली आणि वर्ष सरता सरता तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. तिची ताकद डांगे, जोगळेकर, निमकर यांच्या भाषणांत जेवढी होती, त्याहून अधिक गिरणी-गिरणीतल्या समित्यांत होती. खात्याखात्यातून माणसे निवडायची, त्यांनी खात्याची गाऱ्हाणी समितीपुढे ठेवायची, समितीने निर्णय करायचा आणि तो पुन्हा खात्यात जाऊन समजावून सांगायचा. अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम करणारे, ते युनियनचे अध्यक्ष झाले. पुढच्याच मार्चमध्ये सरकारने या मंडळींना मीरत कटाच्या खटल्यात उचलले. मताचा अधिकार नसलेल्या माणसांच्या या समित्या सरकारला एवढ्या धोक्याच्या वाटल्या.

हे जमले कसे, हा प्रश्न मला सोडत नाही. रविवार मिळाला होता हे खरे, पण बाकीचे सहा दिवस दहा-दहा तासांचेच होते. म्हणजे नुसत्या वेळेने सगळे उलगडत नाही. वेळेला जागेची जोड होती. सगळे एकाच भोंग्यावर आत जात, एकाच भोंग्यावर बाहेर पडत. पाळी सुटली की दारावर सभा भरे. ज्या दारातून पाच हजार माणसे बाहेर पडतात तिथे सभेचे आमंत्रण छापावे लागत नाही. सभेतून निघालेला माणूस चाळीत जाई. खोलीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून गॅलरीत, खानावळीत, गावाच्या मंडळाच्या गाळ्यात. एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, दहाजण ऐकत. भजनी मंडळाचे पेटी-तबले त्याच गाळ्यात, संपाच्या निधीचा डबाही त्याच गाळ्यात. पुढे शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा आवाज याच वस्तीतून उठला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात राज्यभर गेला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला जो जनसमुदाय चालून गेला, त्याच्या मागे तीन पिढ्यांची दारसभांची सवय होती. १ मे १९६० या तारखेकडे आपण महाराष्ट्र दिन म्हणून पाहतो, कामगार दिन म्हणून ओझरते पाहतो. या दोन्ही गोष्टी एका दिवशी येतात ते मला शोभते वाटते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अथेन्समध्ये नावा वल्हवणारे भूमिहीन लोक आरमाराचा कणा झाले, तेव्हाच त्यांचा आवाज सभेत चढला. पुढे त्या नगराने न्यायसभेत बसणाऱ्याला आणि नंतर नागरिकांच्या सभेला येणाऱ्यालाही दिवसाचा भत्ता सुरू केला, कारण भत्ता नसेल तर मोलमजुरी करणारा सभेला येऊच शकत नाही. ॲरिस्टॉटलला हे पसंत नव्हते. हाताने काम करणाऱ्याला फुरसत नाही, आणि फुरसत नाही त्याला नागरिकाचे गुण येत नाहीत, म्हणून उत्तम राज्यात तो नागरिक नसावा, असे त्याचे म्हणणे. रोग त्याने बरोबर ओळखला आणि उपाय उलटा सांगितला. फुरसत नसेल तर माणसाला बाहेर काढायचे की त्याला फुरसत मिळवून द्यायची, यावर पुढची अडीच हजार वर्षे भांडण चालू आहे. त्या नगरातल्या गुलामांना आणि बायकांना मात्र भत्ताही नव्हता आणि जागाही नव्हती, हे विसरून अथेन्सचे गोडवे गाऊ नयेत.

आपल्या गिरणगावाचेही नुसते गोडवे नकोत. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. सवर्ण कामगारांना विटाळ चालत नव्हता, म्हणून अस्पृश्य कामगाराला ते खाते बंद. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक विचारला, आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना त्याचे उत्तर देणे जड गेले. एकजूट म्हणायची आणि विणाई खात्याच्या दारावर जात उभी ठेवायची, हे चालणार नव्हते. मुकादम चिरीमिरी घेतल्याशिवाय बदलीचे काम देत नसे. बायका हळूहळू गिरणीतून कमीच होत गेल्या. कामातून लोकशाही येते हे खरे, पण काम कुणाला मिळते यात जात आणि बाईपण आधीच बसलेले असते.

तरीही याच आंबेडकरांनी दहा वर्षांनी लाल बावट्याच्या खांद्याला खांदा लावला, ती गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या १७५ जणांच्या विधानसभेत मजुरांसाठी ७ जागा ठेवल्या होत्या. आंबेडकरांनी १९३६ मध्ये पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. सक्तीची तडजोड, त्याआधी केलेला संप बेकायदा आणि त्याला शिक्षा. आंबेडकरांचा सभागृहातला मुद्दा सरळ होता. संप म्हणजे फार तर कराराचा भंग, तो गुन्हा होत नाही. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला शिक्षेच्या धाकाने लावणे याला गुलामगिरी म्हणतात. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट दोघांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक मात्र मंजूर झाले.

त्याच धाग्यातून १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा विणला गेला. गिरणी कामगार त्याला काळा कायदा म्हणत. या कायद्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना, आणि ती ठरायची सभासद नोंदणीच्या कागदावरून, गुप्त मतदानाने नव्हे. एकदा शिक्का बसला की मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. कामगारांना दुसरे कुणी हवे असेल तर ते सांगायचा सोपा मार्गच ठेवला नाही.

याची किंमत १९८२ मध्ये चुकती झाली. १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांनी डॉ. दत्ता सामंतांना आपण होऊन जाऊन पुढारी केले होते, पण कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलणारी संघटना दुसरीच होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालक म्हणत, आम्ही सामंतांशी बोलणार नाही, कायदाच तसा आहे. सरकारही तेच म्हणे. त्या अडीच लाख माणसांच्या मनात कोण आहे हे मुंबईतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते, फक्त कायद्याला दिसत नव्हते. संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. आणि १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईने दत्ता सामंतांना लोकसभेत निवडून पाठवले.

ज्या माणसांना आपला प्रतिनिधी दिल्लीला पाठवण्याइतके शहाणे मानले, त्याच माणसांना आपला प्रतिनिधी गिरणीच्या ऑफिसात पाठवायचे मत नव्हते. लोकशाही गिरणीच्या दारापर्यंत येऊन थांबली होती. दाराबाहेर नागरिक, दाराआत हजेरीपटावरचा नंबर. संप फसण्याची कारणे पुष्कळ आहेत. सामंतांच्या चुका आहेत, मालकांना गिरण्यांच्या जमिनीचा भाव दिसू लागला होता, यंत्रमागावर कापड स्वस्तात निघत होते. पण दाराआत एक गुप्त मतदान झाले असते तर बोलणी पहिल्या महिन्यात सुरू झाली असती, असे माझे ठाम मत आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला आहे, पण तो पाठिंबा कसा तपासायचा हे नियमांवर सोडले आहे. १९८२ चा धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही.

गिरण्या गेल्या. त्या जागी मॉल आणि मनोरे आले, हे सांगून सांगून गुळगुळीत झाले आहे. त्याबरोबर दारसभा गेली, याविषयी फार कमी बोलले जाते. आज चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला मुलगा सहा-सात महिन्यांत दुसरीकडे हलवला जातो. शेजारच्या यंत्रावरच्याचे आडनाव त्याला कळते तोवर तोच बदललेला असतो. कंपनीची बस दारातून आत घेते आणि दारातूनच बाहेर नेते. जेवण घरपोच आणणाऱ्या पोराला तर दारही नाही आणि भोंगाही नाही, खिशातला फोन हाच त्याचा मुकादम.

आणि आता तासही वाढत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर, दुकाने आणि आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कारखान्यांतल्या तिमाही जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, कामगाराची लेखी संमती घेऊ, जादा तासांना दुप्पट पैसे मिळतील, असे सांगितले गेले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना भारतीय श्रम परिषदेत आंबेडकरांनी आठ तासांच्या दिवसाची भूमिका मांडली होती. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ४८ वर आले. तिथपर्यंत पोचायला सुपारीबागेपासून ६२ वर्षे लागली.

बारा तासांच्या बाजूने जे बोलतात त्यांचे एक म्हणणे मी हलके मानत नाही. कामगारालाच जादा काम हवे असते. खरे आहे. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण चाकणला आहेत आणि ते फोनवर सांगतात, सर, ओव्हरटाइम बंद झाला की घरी पैसे पाठवता येत नाहीत. पण जो मुलगा जादा तास केल्याशिवाय खोलीचे भाडे आणि घरचा हप्ता भरू शकत नाही, त्याची संमती म्हणजे पगार कमी असल्याची कबुली आहे. तो कागद कुणी पुढे केला आणि नाही म्हटल्यावर उद्या कंत्राट राहील का, याची हमी संमतीच्या फॉर्मवर नसते. हमी देणारी संघटना असते, आणि संघटना करायला वेळ लागतो. बारा तास काम, येण्याजाण्याचे दोन तास, स्वयंपाक, कपडे, झोप. उरले काय? या हिशेबात ग्रामसभा, वॉर्डातली पाण्याची तक्रार, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, उमेदवाराला प्रश्न विचारायला जाणे, यांतले काहीही बसत नाही. तासांच्या चर्चेत उत्पादकता निघते, तब्येत निघते, कुटुंब निघते. नागरिक निघत नाही. कामाचे तास ही मला मतदार यादीइतकीच निवडणूक आयोगाच्या काळजीची गोष्ट वाटते.

कुणी म्हणेल, गरीब आणि राबणारा माणूसच तर आपल्याकडे भरभरून मतदान करतो, टक्का घसरतो तो कुलाब्यासारख्या सुखवस्तू भागात. तेही खरे. मग फुरसतीचा आणि लोकशाहीचा संबंध कुठे राहिला? माझे उत्तर असे की मतदान हा लोकशाहीतला सर्वांत कमी वेळाचा भाग आहे. पाच वर्षांतून एकदा, रांगेसकट दोन तास. उमेदवार कोण असावा, गावाच्या आराखड्यात रस्ता कुठल्या वस्तीला जावा, पाइपलाइन कुठून फिरावी, हे ज्या सभांत आणि बैठकांत ठरते तिथे वेळ लागतो, आणि तिथे तीच माणसे दिसतात ज्यांचे शेत गडी पाहतो आणि ज्यांचे घर बायको पाहते. कुलाब्यातला माणूस मतदानाला गेला नाही तरी त्याचा फोन मंत्रालयात उचलला जातो. माझ्या गावच्या कोयत्याकडे मताखेरीज दुसरे काही नाही, म्हणून तो रात्रभर जीपमध्ये बसून येतो.

बायकांचा हिशेब तर याहून आखडता आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात असे निघाले, पुरुषांची ८८. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांना राखीव केल्या हे महाराष्ट्राने उत्तमच केले. पण मी अशा सदस्य बाई पाहिल्या आहेत की ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला जायचे तर खुरपणीचा रोज बुडतो आणि सभेचा भत्ता त्या रोजाला पुरत नाही. मग सभेचे प्रोसिडिंग बुक घरी येते आणि त्या चुलीपाशी बसून सही करतात. त्यांना कळत नाही म्हणून हे घडत नाही. पाण्याची टाकी कुठल्या आळीला हवी हे त्यांच्याइतके कुणालाच कळत नाही. अथेन्सला जी गोष्ट चोवीस शतकांपूर्वी उमगली होती, सभेला येणाऱ्याचा रोज भरून द्या, ती आपल्या ग्रामपंचायतीला अजून पुरती उमगायची आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत अवघड असे काही करायचे नाही, थोडे नीट करायचे आहे. २०२४ च्या लोकसभेला बीडचे मतदान १३ मे रोजी झाले, तेव्हा कोयते घरी परतलेले होते. विधानसभेची पाळी मात्र दिवाळीच्या पुढेमागे येते आणि गाळपही तेव्हाच सुरू होते. कारखान्याचा हंगाम सरकारची मंत्री समिती ठरवते, मतदानाची तारीख निवडणूक आयोग. या दोघांनी मतदानाआधी गाळप नाही एवढे ठरवले, आणि मुकादमांनी टोळ्या आधी हलवू नयेत याची जबाबदारी कारखान्यावर टाकली, तर पुष्कळ भागते. ते जमत नसेल तर टपाली मतदानाची वाट आहे. कुठल्या वर्गाला ती द्यायची हे अधिसूचनेने ठरवता येते. ती वाट आज फार अरुंद आहे, ती रुंद करावी लागेल आणि फडाजवळच्या एखाद्या शाळेत मतदानाची सोय करावी लागेल. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले होते. अनेक पक्षांनी शंका काढल्या आणि विषय बाजूला पडला. शंका रास्तही असतील. पण ज्या पक्षांना यंत्राची शंका येते त्यांना जीपची शंका येत नाही, याचे मला दुःख वाटते. आणि एवढे काहीच जमले नाही तर निदान मतदानाच्या दिवसाचा खाडा बेकायदा ठरवा, त्या दिवसाची भरपाई आणि एसटीचे तिकीट कारखान्याकडून द्या. पुढची विधानसभा २०२९ च्या अखेरीस येईल. तेव्हाही टोळ्या निघायची वेळ हीच असेल.

त्या बाईचे सांगायचे राहिले. दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याने नोंदवही पुढे केली आणि घाई ओळखून शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला. तिने हात मागे घेतला. "अंगठा न्हाई. सई करती." बाहेर जीपचा हॉर्न दोनदा वाजला. तिने पदराला बोटे पुसली, कोयत्याने घट्टे पडलेल्या हातात पेन धरले आणि आपले नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, एकेक अक्षर सुटे, काना-मात्रा नीट देत लिहिले. मागची रांग थांबली होती. कुणी काही बोलले नाही. मग तिने बोटाला शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.